सरकारी आरोग्यसेवा की खासगी आरोग्यविमा: हा वाद तपासण्याची रीत

आरोग्यसेवेचा भार शासनाने उचलावा की तो खासगी विम्यावर सोपवावा, हा वाद बहुतेक वेळा दोन चित्रांमधला वाद असतो. एका बाजूच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने प्रतीक्षायादीत अडकलेला रुग्ण असतो, तर दुसऱ्या बाजूच्या डोळ्यांसमोर रुग्णालयाचे बिल फेडण्यासाठी घर विकायला निघालेले कुटुंब असते. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि त्यामुळेच कोणतीही बाजू मागे हटत नाही. ज्यांना या विषयावर मत बनवायचे आहे, सभेत बोलायचे आहे, लेख लिहायचा आहे किंवा एखाद्या प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात मत द्यायचे आहे, त्यांना या चित्रांच्या पलीकडे कसे जाता येईल, याचे हे मार्गदर्शन आहे. माझा स्वतःचा कल ओघात दिसेलच. तो वाचकाने स्वीकारलाच पाहिजे असे नाही, परंतु तपासण्याची रीत मात्र दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडेल.

प्रश्नाचे तीन तुकडे करावेत

‘सरकारी’ आणि ‘खासगी’ हे शब्द या वादात तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात, आणि बोलणाऱ्याला स्वतःलाही कित्येकदा आपण कोणत्या गोष्टीबद्दल बोलत आहोत हे स्पष्ट नसते. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात पैसा कोठून येतो ते लिहावे: सर्वसाधारण करांतून, पगारातील कपातीतून, की व्यक्तीने भरलेल्या हप्त्यातून. दुसऱ्यात तो पैसा एकत्र कोण सांभाळतो आणि बिले कोण चुकती करतो ते लिहावे. तिसऱ्यात रुग्णालये कोणाच्या मालकीची आहेत आणि डॉक्टर कोणाचे नोकर आहेत, किंवा कोणाचेच नाहीत, ते लिहावे.

हा कागद भरू लागल्यावर पहिला धक्का बसतो तो असा की, ज्या देशांची नावे या वादात सर्रास घेतली जातात, त्यांतील जवळजवळ एकही देश तिन्ही रकान्यांत एकाच बाजूचा नाही. ब्रिटनची नॅशनल हेल्थ सर्व्हिस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा बहुतांश पैसा करांतून येतो, तो शासनच खर्च करते आणि रुग्णालयेही बहुतांशी सार्वजनिक आहेत. तरीही ज्यांच्याकडे रुग्ण सर्वप्रथम जातो ते कुटुंबवैद्य अगदी पहिल्या दिवसापासून शासनाशी करार केलेले स्वतंत्र व्यावसायिक राहिले आहेत. कॅनडाला सरकारी आरोग्यसेवेचा नमुना म्हटले जाते, पण तेथे प्रांतिक सरकार केवळ बिल भरते. डॉक्टर बहुतांशी स्वतंत्र व्यवसाय करतात, आणि रुग्णालयाबाहेर घ्यावयाची औषधे व दातांचे उपचार १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टच्या हमीबाहेर असल्याने त्यांसाठी असंख्य लोक नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यावर अवलंबून राहत आले आहेत. तैवानने १९९५ मध्ये सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी विमा आणला, मात्र तेथील बहुसंख्य दवाखाने आणि रुग्णालये खासगी आहेत.

जर्मनीचा नमुना तर या दोन शब्दांत मावतच नाही. १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात तेथे कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. त्यात वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगार आणि एक तृतीयांश भाग मालक भरत असे, आणि पैसा सांभाळत असत ते ‘आजारनिधी’, म्हणजे ना सरकारी खाते ना नफ्यासाठी चालणारी कंपनी. आजही जर्मनीतील दर दहांपैकी सुमारे नऊ जण अशा निधींचे सदस्य आहेत. उरलेले, मुख्यतः अधिक उत्पन्न असलेले लोक आणि शासकीय अधिकारी, खासगी विमा घेतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला खासगी विमासंस्थेकडूनच मूलभूत विमा घ्यावा लागतो, पण त्या मूलभूत विम्यावर संस्थेला नफा कमावता येत नाही आणि अर्जदाराला नाकारताही येत नाही. हा खासगी विमा आहे की राष्ट्रीय योजना, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘कोणत्या रकान्याबद्दल विचारता?’ हेच आहे.

अमेरिकेबाबतही असेच करावे. खासगी विम्याचे माहेरघर म्हणून जिचा उल्लेख होतो, त्याच अमेरिकेत माजी सैनिकांसाठी शासनाच्या मालकीची रुग्णालये आणि शासनाच्या पगारावरील डॉक्टर आहेत, म्हणजे तिन्ही रकान्यांत सरकारी, ब्रिटनपेक्षाही अधिक. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेला मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, गरिबांसाठी मेडिकेड आहे, आणि साधारण निम्म्या लोकांना नोकरीबरोबर खासगी विमा मिळतो. त्यामुळे समोरचा माणूस ‘सरकारी व्यवस्था फसते’ किंवा ‘खासगी व्यवस्था लुटते’ असे म्हणाला की त्याला खोडून काढण्याची घाई करू नये. तो कोणत्या रकान्याबद्दल बोलतो आहे एवढेच शांतपणे विचारावे. माझा अनुभव असा की निम्मे भांडण येथेच मिटते आणि उरलेले निम्मे भांडण अखेर भांडण्याजोगे होते.

विम्याचे गणित एकदा तरी कागदावर मांडावे

आगीचा विमा आणि आरोग्याचा विमा यांत मूलभूत फरक आहे. घराला आग लागण्याची शक्यता मालकाला आणि कंपनीला जवळपास सारखीच अज्ञात असते. शरीराचे तसे नाही. आपल्याला काय होते आहे, आपल्या घराण्यात कोणते आजार आहेत, हे विमा घेणाऱ्याला विमा देणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या निबंधात आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का वागत नाही याचे विवेचन केले, आणि १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ याने पासष्टीपुढील माणसांना कोणत्याही किमतीला विमा मिळणे का अवघड होते, याचे कारण याच माहितीच्या विषमतेत दाखवले.

हे गणित समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. समजा, शंभर माणसांचा एक गट आहे. त्यातील ऐंशी जणांचा वर्षाचा उपचारखर्च प्रत्येकी एक नाणे आहे आणि वीस आजारी माणसांचा प्रत्येकी दहा नाणी. एकूण खर्च २८० नाणी, म्हणजे सर्वांना सारखा हप्ता लावला तर तो २.८ नाणी होतो. ज्याचा खर्च एकच नाणे आहे त्याला हा हप्ता जवळजवळ तिप्पट वाटतो. विमा ऐच्छिक असेल तर समजा निरोगी माणसांपैकी निम्मी बाहेर पडली. आता साठ जण उरले, खर्च २४० नाणी राहिला आणि हप्ता चार नाण्यांवर गेला. हे पाहून उरलेली चाळीस निरोगी माणसेही निघून गेली तर वीस आजारी माणसे उरतात आणि त्यांचा हप्ता दहा नाणी होतो; म्हणजे विमा उरतच नाही, ज्याचे बिल त्याने भरण्याचा तो एक लांबचा मार्ग ठरतो. प्रत्यक्षात माणसे इतकी हिशेबी नसतात. अनेक जण भीतीपोटी किंवा सावधगिरीने विमा चालू ठेवतात, त्यामुळे घसरण बहुधा याहून मंद असते. पण तिची दिशा हीच असते.

या घसरणीला विमा कंपनीचे उत्तर ठरलेले आहे: आधीचे आजार विचारणे, त्यांना संरक्षणातून वगळणे, प्रतीक्षा कालावधी लावणे, हप्ता वाढवणे किंवा अर्जच नाकारणे. याला दुष्टपणा म्हणण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही, कारण जी कंपनी हे करणार नाही तिच्याकडे इतर सर्व कंपन्यांनी नाकारलेले रुग्ण येतील आणि ती बुडेल. दोष नियमांचा आहे, त्यामुळे दुरुस्तीही नियमांतच करावी लागते, आणि ती अर्धवट केली तर मूळ दुखण्याहून औषध जड होते. न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून विमा कंपन्यांना अर्ज नाकारण्यास आणि आजारानुसार वेगळा हप्ता लावण्यास बंदी केली, मात्र विमा घेणे सक्तीचे केले नाही. व्यक्तिगत विमा घेणारे हळूहळू कमी होत गेले आणि हप्ते देशातील सर्वांत चढ्या हप्त्यांमध्ये जाऊन बसले. २०१० च्या अमेरिकी आरोग्य कायद्याने नकारावरील बंदीला सक्तीची आणि अनुदानाची जोड दिल्यावरच, २०१४ मध्ये, ते लक्षणीय खाली आले.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी माझ्याच बाजूला झुकतो आहे असे होईल. विमा न घेणाऱ्यास होणारा अमेरिकेतील दंड २०१९ पासून शून्यावर आणला गेला, आणि तेव्हा वर्तवलेली पूर्ण कोसळण झाली नाही. याचे मोठे कारण असे की कमी व मध्यम उत्पन्नाच्या माणसाला हप्त्यासाठी मिळणारे अनुदान टिकून होते, आणि स्वस्त झालेली वस्तू सोडून जाण्याचे निरोगी माणसालाही कारण नव्हते. यावरून एवढे नक्की शिकावे की सर्वांना एका गटात ठेवण्यासाठी सक्ती हा एक मार्ग आहे आणि पुरेसे अनुदान हा दुसरा. करांतून चालणारी व्यवस्था ही सक्तीचेच एक रूप आहे, फक्त तिला कोणी हप्ता म्हणत नाही. समोर आलेल्या प्रस्तावात या दोहोंपैकी काहीच नसेल आणि तरीही ‘कोणालाही नाकारले जाणार नाही’ असे वचन दिलेले असेल, तर त्या प्रस्तावाचे गणित झालेले नाही असे समजावे.

अनेक विमासंस्था स्पर्धेत ठेवायच्या असतील तर आणखी एक यंत्रणा लागते, जिच्याबद्दल सभांमधून जवळजवळ कोणीच बोलत नाही. ज्या संस्थेकडे तरुण आणि निरोगी सदस्य अधिक आहेत तिच्याकडून पैसा घेऊन तो वृद्ध आणि आजारी सदस्य अधिक असलेल्या संस्थेकडे वळवणे, म्हणजे जोखमीची समतोल फेरवाटणी. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि २००६ च्या कायद्यानंतरचे नेदरलँड्स ही फेरवाटणी करतात. ती नसेल तर अर्ज नाकारण्यास बंदी असूनही संस्था आजारी माणसाला टाळण्याचे शंभर सभ्य मार्ग शोधून काढतात: विशिष्ट आजाराचे तज्ज्ञ यादीतच न ठेवणे हा त्यांतील एक. म्हणून ‘खासगी संस्था असोत, पण नियमांत बांधलेल्या’ असे म्हणणाऱ्याला फेरवाटणी कशी होणार हे विचारावे. उत्तर तयार असेल तर तो माणूस विषय जाणतो.

फुकट मिळाले की लोक उधळतात का?

खासगी विम्याच्या आणि रुग्णाने स्वतः काही वाटा उचलावा या मताच्या बाजूने हा युक्तिवाद नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याची प्रत्यक्ष चाचणी झालेली आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधनसंस्थेने हजारो कुटुंबीयांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या विमायोजनांत वाटून दिले. काहींना सर्व उपचार मोफत, काहींना एका मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा भाग स्वतःच्या खिशातून. ज्यांना सर्वाधिक वाटा उचलावा लागत होता त्यांचा एकूण उपचारखर्च मोफत गटापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाला. सरासरी माणसाच्या प्रकृतीवर याचा ठळक वाईट परिणाम दिसला नाही.

येथवरचा भाग एक बाजू सांगते आणि थांबते. दुसरी बाजू यापुढचा भाग सांगते आणि आधीचा गाळते. पुढचा भाग असा की लोकांनी अनावश्यक उपचार सोडले तसेच आवश्यकही सोडले, कारण कोणता कोणता हे रुग्णाला ओळखता येत नव्हते. आणि गरीब असून आधीच रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब मोफत योजनेत अधिक चांगला आटोक्यात राहिला. म्हणजे खर्चाचा वाटा उचलायला लावल्याने वापर घटतो हे खरे आणि तो आंधळेपणाने घटतो हेही खरे. सर्वांसाठी सरसकट ‘मोफत’ किंवा सर्वांसाठी सरसकट ‘वाटा’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही निष्कर्ष एका दमात सांगावेत असा आग्रह धरावा.

ऑरेगॉन राज्यात २००८ मध्ये अशीच आणखी एक संधी अनपेक्षितपणे मिळाली. गरिबांच्या सरकारी विम्यात मर्यादित जागा असल्याने राज्याने सोडत काढली आणि सुमारे नव्वद हजार लोकांनी नावे नोंदवली. विमा मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना करता, मिळालेल्यांत नैराश्य घटले आणि उपचारांपायी होणारी आर्थिक ओढाताण बरीच कमी झाली. मात्र पहिल्या दोन वर्षांत रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत ठोस सुधारणा दिसली नाही आणि तातडीच्या विभागातील भेटी कमी होण्याऐवजी वाढल्या. सरकारी विम्याचे समर्थक ‘लोकांना विमा दिला की तातडीच्या विभागावरचा ताण कमी होईल’ असे जे नेहमी सांगतात, ते येथे खरे ठरले नाही, आणि समर्थकांनी ते सोडून दिलेले बरे. त्यांच्याजवळ याहून चांगले मुद्दे आहेत.

नकार कोण देतो आणि कसा, ते शोधावे

मला या साऱ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. प्रत्येक व्यवस्थेत मागणी पैशापेक्षा आणि हातांपेक्षा अधिक असते, त्यामुळे प्रत्येक व्यवस्था कोणाला तरी, कधी तरी ‘नाही’ म्हणते. फरक असतो तो ‘नाही’ म्हणण्याच्या पद्धतीत, आणि ज्या पद्धतीची आपल्याला सवय असते ती आपल्याला दिसेनाशी होते.

करांतून चालणाऱ्या व्यवस्था बहुधा वेळेच्या भाषेत नकार देतात. इंग्लंडमध्ये २०२३ च्या शरद ऋतूत नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीत सुमारे ७७ लाख नोंदी होत्या. (या नोंदी आहेत, माणसे नव्हेत, एकाच माणसाचे गुडघा आणि डोळा अशी दोन नावे यादीत असू शकतात, म्हणून माणसांची संख्या काहीशी कमी असते. हा आकडा वापरताना हा भेद बहुतेक जण गाळतात.) खासगी विमा किमतीच्या भाषेत नकार देतो: ज्याला हप्ता परवडत नाही तो यादीतही येत नाही, त्यामुळे त्याची प्रतीक्षा कोणत्याही आकडेवारीत मोजली जात नाही. प्रतीक्षायादी असलेल्या देशाची निंदा करताना, यादीच नसलेल्या देशात तीच माणसे कोठे गेली हे विचारायचे राहून जाते.

त्याचबरोबर, रांग ही सरकारी पैशाची अपरिहार्य सावली आहे असेही मानू नये. जर्मनीतही विमा सक्तीचा आहे आणि सर्वांसाठी आहे, तरी नियोजित शस्त्रक्रियांसाठी तेथे इंग्लंड वा कॅनडाइतके थांबावे लागत नाही. कारण खाटा आणि तज्ज्ञ अधिक आहेत व त्यांवर खर्चही अधिक होतो. रांगेचा दोष देण्यापूर्वी खाटा, परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहे किती आहेत ते पाहावे.

नकाराची तिसरी भाषा नियमाची. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था नवे औषध सार्वजनिक पैशाने द्यावे की नाही हे सुचवते, आणि त्यासाठी चांगल्या प्रकृतीचे एक वर्ष मिळवून देण्यास किती खर्च येतो हे मोजते; दीर्घकाळ तिची साधारण मर्यादा वीस ते तीस हजार पौंड अशी होती. माणसाच्या आयुष्याला किंमत लावली म्हणून या संस्थेवर कठोर टीका झाली आहे. अमेरिकेतील खासगी विमा कंपनी उपचारापूर्वी मंजुरी मागायला लावते आणि नंतर दावा नामंजूर करते, तेव्हा तीही किंमतच लावत असते, फक्त तिचा तक्ता प्रसिद्ध होत नाही. माझ्या मते उघड नियमाने दिलेला नकार छुप्या नकारापेक्षा नेहमीच बरा, कारण त्यावर जाहीरपणे भांडता येते. पण हे मान्य करायला हवे की उघड नियमही एखाद्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला तितकाच जीवघेणा असू शकतो.

म्हणून कोणत्याही प्रस्तावाला चार प्रश्न विचारावेत: नकार कोण देणार, तो लेखी आणि कारणासह मिळणार का, त्यावर अपील कोठे करायचे, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत रुग्णाने काय करायचे. चौथ्या प्रश्नाला उत्तर देणारे प्रस्ताव फार थोडे असतात.

आकड्यांपासून सावध राहावे

२००७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत रूडी जुलियानी यांनी सांगितले की पुरस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगातून वाचण्याची आपली शक्यता अमेरिकेत ८२ टक्के होती, इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेत ती ४४ टक्केच असती. आकडे ऐकणाऱ्याला गप्प करणारे होते. मात्र निदान झाल्यापासून पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण आणि त्या आजाराने मरणाऱ्यांचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत चाचण्या भरपूर होत असल्याने आजार लवकर सापडत असे आणि कधीच त्रास न देणारे सौम्य प्रकारही मोजले जात. लवकर मोजायला सुरुवात केली की मृत्यूची तारीख न बदलताही ‘जगलेली वर्षे’ वाढतात. लोकसंख्येच्या प्रमाणात या आजाराने मरणाऱ्या पुरुषांची संख्या दोन्ही देशांत जवळजवळ सारखी होती. जगण्याचे प्रमाण सांगितले गेले की मृत्युदर मागावा, ही सवय लावून घ्यावी.

उलट बाजूची चूकही तितकीच लोकप्रिय आहे. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, इतर श्रीमंत देश बहुधा १० ते १२ टक्के, आणि तरीही अमेरिकी माणसाचे सरासरी आयुर्मान कमी आहे. म्हणून खासगी विमा अपयशी, असे म्हटले जाते. परंतु आयुर्मानात बंदुका, रस्त्यांवरील अपघात, अमली पदार्थ आणि लठ्ठपणा हे सारे मिसळलेले असते, ज्यावर विमा कोणाचा याचा परिणाम मर्यादित असतो. खर्चाच्या फरकाचेही मोठे कारण असे की अमेरिकेत डॉक्टरांच्या भेटी वा रुग्णालयातील दिवस इतरांपेक्षा अधिक नसून, त्याच उपचारांच्या किमती अधिक आहेत. वेळीच उपचार मिळाले असते तर टळले असते अशा मृत्यूंचे प्रमाण ही त्यातल्या त्यात न्याय्य मोजपट्टी आहे, आणि तीवरही अमेरिका मागेच पडते. म्हणजे निष्कर्ष टिकतो, युक्तिवाद मात्र बदलावा लागतो.

क्रमवारींचा उपयोग शक्यतो करूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली फ्रान्सला पहिला आणि अमेरिकेला सदतिसावा क्रमांक दिला. पद्धतीवर इतकी टीका झाली की तशी क्रमवारी संघटनेने पुन्हा काढली नाही. तो सदतिसावा क्रमांक मात्र आजही भाषणांत फिरतो आहे.

जेथे आहोत तेथून जाण्याचा खर्च

कोणतीही व्यवस्था कोऱ्या पाटीवर लिहिली गेलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ मध्ये वेतनवाढीवर मर्यादा घातली, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. कामगार मिळवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला, १९५४ च्या करकायद्याने त्यावरील करमाफी पक्की केली, आणि एका युद्धकालीन पळवाटेतून देशाची मुख्य व्यवस्था उभी राहिली. कोणीही ती विचारपूर्वक निवडली नव्हती, आणि तरी आज ती काढून टाकतो म्हटले की ज्यांचा विमा बरा चालला आहे ते कोट्यवधी लोक घाबरतात, हेही साहजिक आहे. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला आणि डॉक्टरांचा स्वतंत्र व्यवसाय व प्रत्येक सेवेमागे मोबदला हे मान्य करूनच मिटला. ती तडजोड आजही कॅनडाच्या व्यवस्थेत दिसते. ब्रिटनमध्येही मोफत सेवेचे तत्त्व तीन वर्षांत डळमळले: १९५१ मध्ये चष्मे आणि दातांच्या कवळ्यांवर शुल्क लावले गेले आणि सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. म्हणून प्रस्ताव वाचताना अंतिम चित्राइतकाच वेळ ‘पहिली पाच वर्षे काय होईल’ यावर घालवावा.

प्रस्ताव चार माणसांच्या हाती देऊन पाहावा

तत्त्वे पटली, आकडे तपासले, की शेवटी प्रस्तावातून चार काल्पनिक माणसांना चालवत न्यावे. पहिली, पंचविशीतील निरोगी स्त्री, जिला वर्षाकाठी एखादी तपासणी पुरते. दुसरा, जन्मतःच हृदयविकार असलेला मुलगा, ज्याचा खर्च त्याचे आईवडील कधीच भरून काढू शकणार नाहीत. तिसरी, संधिवाताने बेजार झालेली वृद्धा, जिला जीवघेणा आजार नाही पण गुडघा बदलल्याशिवाय जिना चढता येत नाही. चौथा, मध्यमवयीन नोकरदार, ज्याला कर्करोगाचे निदान झाले आणि उपचारांमुळे कामावर जाता न आल्याने तीन महिन्यांत नोकरी गेली.

ऐच्छिक खासगी विमा पहिलीला उत्तम वागवतो आणि दुसऱ्याला दारातच अडवतो. तुटपुंज्या पैशावर चालणारी सरकारी सेवा दुसऱ्याला ताबडतोब हाती घेते, पण तिसरीला वर्षभर थांबवते, कारण तिचे दुखणे वाट पाहू शकते असे यादी ठरवणाऱ्याला वाटते. सक्तीचा आणि अनुदानित विमा दुसऱ्याला आणि तिसरीला बऱ्यापैकी सांभाळतो, मात्र पहिलीकडून तिला नको असलेला हप्ता वसूल करतो, आणि तिची तक्रार खोटी नसते. ती एक दिवस तिसरी होईल हे तिला सांगता येते, पण तिने ते मानलेच पाहिजे असे नाही. काही देश सरकारी आणि खासगी या दोन्हींची सांगड घालतात. ऑस्ट्रेलियात १९८४ पासून सर्वांसाठी सरकारी मेडिकेअर आहे, आणि त्यावर खासगी रुग्णालय विमा घेण्यास शासनच उत्तेजन देते. तिशीनंतर जो तो घ्यायला उशीर करेल त्याला दर वर्षाच्या विलंबामागे दोन टक्के जादा हप्ता भरावा लागतो. तेथे तिसरी बाई खासगी विमा असेल तर लवकर, नसेल तर उशिरा बरी होते. सरकारी रांग त्यामुळे खरोखर आखूड होते की तेच डॉक्टर दुसऱ्या दाराने निघून जातात, हा अशा मिश्र व्यवस्थेला विचारायचा प्रश्न आहे.

चौथ्यापाशी मात्र सर्वांत अधिक थांबावे. ज्या व्यवस्थेत विमा नोकरीला बांधलेला आहे, तेथे ज्या आजारासाठी विमा हवा तोच आजार विमा घालवतो. प्रस्ताव मांडणाऱ्याला विचारावे की नोकरी गेली त्या सोमवारी हा माणूस कोणत्या दारात जाईल, तेथे कोणता कागद दाखवेल, आणि मंगळवारी ठरलेला उपचार मंगळवारीच होईल का.